मुंबईतील घरात एआरएफ विमानाची जोडणी : वेळ कुठे द्यावा?

उत्तरवारा

पावसाळा संपून हवा कोरडी होऊ लागली आहे. येथील काही सदस्यांनी पहिले एआरएफ (‘ऑलमोस्ट रेडी टु फ्लाय’, म्हणजे कारखान्यातून बरेचसे तयार येणारे, रेडिओवर उडवायचे छोटे) विमान घेतल्याचे निरनिराळ्या धाग्यांवर लिहिले आहे, म्हणून जोडणीविषयीची चर्चा एका जागी व्हावी यासाठी हा धागा काढत आहे. उदाहरण म्हणून आपण वरच्या पंखाचे, ४० आकाराचे (म्हणजे ०.४० घनइंचाच्या इंजिनाला जुळेल एवढे) शिकाऊ विमान धरू. त्याचा पंखविस्तार सुमारे १६० सेंमी, पंखाची रुंदी ३० सेंमी, उड्डाणाच्या वेळचे वजन अडीच किलोच्या आसपास, सांगाडा बाल्सा आणि प्लायचा, व त्यावर उष्णतेने ताणले जाणारे प्लॅस्टिकचे आवरण असते.

खोक्यातून निघालेले असे विमान पाहिले की काम एका रात्रीत आटपेल असे वाटते, कारण सर्वांत किचकट दिसणारा भाग, म्हणजे फासळ्या आणि आवरण, कारखान्याने केलेला असतो. माझे मत असे की उरलेल्या कामाची सरळ दोन भागांत वाटणी करावी. सर्व्होची (हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरची) दिशा, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) आणि एलिव्हेटर (शेपटीच्या आडव्या भागाची हलती पट्टी) यांची हालचाल, बॅटरीची जागा, मोटरचा कोन, या सर्व गोष्टी मैदानावरसुद्धा बदलता येतात. शेपटीचा आडवा भाग, म्हणजे स्टॅब, आणि उभा भाग, म्हणजे फिन, मात्र एकदा इपॉक्सीत (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदात) बसले की बसले. ते वाकडे बसले असतील तर ट्रान्समीटरच्या (हातातल्या रेडिओच्या) ट्रिमने, म्हणजे बारीक जुळवणीने, विमान एका ठराविक वेगाला सरळ जाते आणि वेग बदलताच पुन्हा एका बाजूला ओढू लागते. पुस्तिकेत या कामाला दोन चित्रे आणि एक ओळ मिळते, परंतु एकूण वेळेचा मोठा वाटा याच कामाला द्यावा असे मी आग्रहाने म्हणेन.

चिकटवण्यापूर्वी पंख धडावर बोल्टने पक्का करून घ्यावा आणि धडाच्या मध्यरेषेवर, अगदी मागच्या टोकाशी, एक टाचणी टोचावी. टाचणीपासून दोन्ही पंखटोकांपर्यंतचे अंतर सारखे आले म्हणजे पंख धडाशी काटकोनात आहे. पंखाची खात्री झाल्यावरच स्टॅब त्याच्या खाचेत सरकवावा आणि नाकाच्या मध्यावर टोचलेल्या दुसऱ्या टाचणीपासून स्टॅबच्या दोन्ही टोकांचे अंतर मोजावे. या मोजणीसाठी स्टीलची टेप वापरावी, कारण नायलॉनचा दोरा ताणला जातो आणि हवे ते उत्तर देतो. त्यानंतर विमानाच्या मागे चार-पाच पावले जाऊन, एक डोळा मिटून, स्टॅब पंखाला समांतर दिसतो का हे पाहावे. तो तिरपा दिसला तर खाचेची उंच बाजू सँडपेपरने हळूहळू घासावी. खालच्या बाजूस चिपाट घालून उचलण्यापेक्षा हे चांगले, कारण चिपाटाने लाकडाला लाकूड पूर्ण टेकत नाही.

स्टॅब जागेवर असतानाच धडाची कड त्यावर बारीक पेनाने आखून घ्यावी, तो बाहेर काढावा आणि आखलेल्या रेषेच्या दोन-तीन मिलिमीटर आत आवरण कापून काढावे. इपॉक्सी आवरणाला नव्हे, उघड्या बाल्साला धरते. येथे ब्लेड वापरू नये. ब्लेडचा ओरखडा बाल्साच्या वरच्या थरात उतरतो आणि नेमक्या त्याच रेषेवर, जिथे धडाची कड येते व सर्वाधिक ताण पडतो, स्टॅब उड्डाणात मोडू शकतो. बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने रेषेवरून फिरवले की आवरण वितळून सुटते आणि लाकूड शाबूत राहते.

इंजिनाची किंवा मोटरची आडवी पाटी, जिला आपण फायरवॉल म्हणतो, आणि चाकांच्या तारा ज्यात बसतात तो ठोकळा, हे दोन्ही कारखान्याने चिकटवलेले असले तरी त्यांच्या आतल्या कोपऱ्यांत इपॉक्सीचा पातळ पट्टा फिरवावा. कारखान्यातला सांधा कधी उत्तम असतो तर कधी नुसता टेकवलेला असतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

मोटर, बॅटरी, गुरुत्वमध्य यांविषयी जाणकारांनी लिहावे. मी मुद्दाम शेपटीपाशी थांबतो.

शिकाऊ_लालबाग

धाग्यासाठी आभार. माझ्या विमानाचे खोके अजून पूर्ण उघडलेले नाही. माझ्या शंका अशा : पहिली, घर एका खोलीचे आहे आणि घरात वृद्ध आई असते, तेव्हा इपॉक्सी व सायनोच्या (झटपट पकडणाऱ्या पातळ गोंदाच्या) वाफांचे काय करावे? दुसरी, माझ्याकडे वाहन नाही, विमान लोकलनेच न्यावे लागेल, तर ग्लो इंजिन घ्यावे की विजेची मोटर? तिसरी, खोक्यातून काढल्या काढल्या पंखावरच्या आवरणाला सुरकुत्या दिसत आहेत. विक्रेत्याकडे परत करावे का?

खाडीकिनारा

तुमच्या तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर मुंबईत प्रत्येकाला लागते. सुरकुत्या हा दोष असतोच असे नाही. बाल्सा हवेतला ओलावा शोषतो व सोडतो, त्यामुळे सांगाडा किंचित फुगतो आणि आकसतो, परंतु आवरणाची फिल्म त्याच प्रमाणात हलत नाही. वेगळ्या हवामानात बांधलेले विमान समुद्रमार्गे इथे आले की आवरण सैल पडू शकते. खोके उघडून सगळे भाग काही दिवस घरातल्या हवेत, पंख्याखाली पण उन्हापासून दूर, आडवे ठेवावेत आणि त्यानंतरच आवरण ताणावे, नाहीतर आज ताणलेले आठवड्याने पुन्हा सैल पडते.

ताणताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी सर्व जोड आणि कडा आवरणाच्या इस्त्रीने कमी उष्णतेवर दाबून पक्क्या कराव्यात आणि मगच फासळ्यांमधला मोकळा भाग जास्त उष्णतेने ताणावा. उलट केले तर ताणलेली फिल्म जोडच उपटून काढते. फिल्म कोणत्या जातीची आहे हे पुस्तिकेत नसेल तर इस्त्री सर्वांत खालच्या खुणेवर ठेवून, पंखाच्या खालच्या बाजूला कोपऱ्यात चाचणी घेऊन, उष्णता थोडीथोडी वाढवत जावी. एलेरॉनसारख्या पातळ भागाची एकच बाजू ताणली तर तो पिळला जातो, म्हणून दोन्ही बाजू आलटून-पालटून तापवाव्यात आणि गार होईपर्यंत सपाट धराव्यात.

सायनोविषयी : ते हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होते, म्हणून आपल्याकडे ते बाटलीवर लिहिल्यापेक्षा लवकर पकडते. हे सोयीचे वाटते, पण बिजागऱ्यांच्या बाबतीत घातक आहे. एआरएफबरोबर येणाऱ्या सीए (म्हणजे सायनोने चिकटवायच्या) बिजागऱ्या म्हणजे दोन्ही बाजूंना तंतूंचा थर असलेल्या पट्ट्या. सायनो त्या तंतूंतून आत झिरपून लाकडापर्यंत पोचले पाहिजे. त्यासाठी अगदी पातळ आणि ताजे सायनो घ्यावे, बिजागरीच्या प्रत्येक खाचेच्या मध्यावर २ मिमीचे छोटे भोक पाडून वाट करून द्यावी, दोन्ही बाजूंनी पाच-सहा थेंब एकेक करून सोडावेत आणि लवकर सुकवणारा फवारा येथे अजिबात मारू नये. सुकल्यावर प्रत्येक बिजागरीपाशी एलेरॉन धरून सणसणीत ओढून पाहावा. ओढायला मन धजत नसेल तर त्या बिजागरीवर उड्डाण करणे त्याहून धाडसाचे आहे. सायनोची बाटली घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, कारण गार बाटलीत दव धरते.

वाफांसाठी खिडकीजवळ, वारा तुमच्याकडून बाहेर जाईल असे बसावे. सायनोची वाफ डोळ्यांना झोंबते आणि इपॉक्सी त्वचेला लागत राहिले तर काहींना कायमची ॲलर्जी जडते. हातमोजे स्वस्त आहेत. आईसाठी म्हणाल तर चिकटवण्याचे काम त्या घराबाहेर असतील त्या वेळेला ठेवणे उत्तम.

जुना_कॅडेट

एनसीसीच्या हवाई शाखेत आम्ही साधी ग्लायडरे बाल्साच्या पट्ट्यांपासून बनवत असू, त्यामुळे एआरएफ म्हणजे आळशांचे काम असे मी बरीच वर्षे म्हणत होतो. अजूनही थोडेसे म्हणतो. असो, शंका दुसरीबद्दल.

ग्लो इंजिनाचे इंधन म्हणजे मिथेनॉल, तेल आणि थोडे नायट्रोमिथेन. असा ज्वालाग्राही पदार्थ रेल्वेच्या डब्यातून नेणे हा रेल्वे कायदा, १९८९ नुसार गुन्हा आहे आणि गर्दीच्या डब्यात तो नेऊच नये हे सांगायला कायद्याचीही गरज नसावी. लोकलने जाणाऱ्याने विजेची मोटरच घ्यावी, या एका मुद्द्यावर निकाल लागतो. इंजिनाचा आवाज, टाकीची नळी, सुईची जुळवणी यांतला आनंद वेगळा आहे आणि मला तो आवडतो, पण तो गाडी असलेल्यांनी घ्यावा.

आता मोटर किती शक्तीची? शिकाऊ विमानाला दर किलोला १५० ते २०० वॉट पुरतात. अडीच किलोला मधला आकडा धरून साधारण ४५० वॉट झाले. चार सेलच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचा नाममात्र दाब १४.८ व्होल्ट, म्हणजे प्रवाह सुमारे ३० अँपिअर. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) ५० किंवा ६० अँपिअरचा घ्यावा, कारण आपल्या उन्हाळ्यात, बंद नाकाच्या आत, काठावरचा ईएससी तापून बंद पडतो. हवा आत येण्याच्या भोकापेक्षा बाहेर जाण्याचे भोक मोठे हवे. एआरएफमध्ये मागच्या बाजूला आवरणाखाली ते बहुधा असतेच, फक्त फिल्म कापून मोकळे करायचे राहून जाते.

फायरवॉलवर मोटर लावताना ती पुढून पाहणाऱ्याला किंचित वाकडी दिसते, म्हणून काहीजण वॉशर घालून ती सरळ करतात. तसे करू नये. दोन-तीन अंशांचा उजवा आणि खालचा कोन मुद्दाम दिलेला असतो.

रेषाखंड

मी वास्तुरचनाकार आहे, त्यामुळे पहिला प्रतिसाद वाचून राहवले नाही. मागे उभे राहून एका डोळ्याने पाहणे ठीक आहे, पण आपल्या इमारतींच्या खोल्यांत डोळा ज्या रेषांवर विसंबतो त्याच तिरप्या असतात. फरशी मोरीकडे उतरती असते आणि दाराची चौकट क्वचितच ओळंब्यात असते. त्यांच्याशी तुलना करून फिन उभी केली तर ती चौकटीला समांतर होईल, पंखाला लंब होणार नाही.

मी असे करते : जुने फ्लश डोअर दोन स्टुलांवर आडवे ठेवून पाणसळीने दोन्ही दिशांना समतल करून घेते, हीच कामाची जागा. त्यावर धड उशांवर ठेवून, दोन्ही पंखटोकांची दारापासूनची उंची सारखी येईपर्यंत हलवते. वरच्या पंखाच्या विमानात पंख मध्यापासून दोन्हीकडे वर गेलेले असतात, म्हणून पंखावर पाणसळ ठेवून उपयोग नाही, टोकांची उंचीच मोजावी लागते. मग छताच्या हुकाला ओळंबा टांगून फिनच्या मागे आणते आणि फिनची कड दोरीशी जुळवते. स्टॅबच्या टोकांची उंचीही त्याच दारापासून मोजता येते. इपॉक्सी सुकेपर्यंत सगळे कागदी चिकटपट्टीने धरून ठेवायचे आणि पंखा बंद ठेवायचा, नाहीतर ओळंबा डुलत राहतो आणि आपण घामाघूम होऊन त्याच्याकडे पाहत बसतो.

खाडीकिनारा

ओळंब्याची युक्ती फारच उपयोगी आहे. एक भर घालतो : सोय म्हणून लोक इथे पाच मिनिटांचे इपॉक्सी वापरतात. मला तरी त्यात काही वावगे दिसत नाही, सांधा लाकडापेक्षा मजबूतच होतो.

उत्तरवारा

येथे मी असहमत आहे. पाच मिनिटांचे इपॉक्सी पातळ बाल्सापेक्षा मजबूत असेलही, पण प्रश्न केवळ ताकदीचा नाही. रेषाखंड यांनी सांगितलेली मोजणी, म्हणजे दोन उंच्या, दोन तिरपी अंतरे आणि ओळंबा, पाच मिनिटांत आटपत नाही. आपल्या उन्हाळ्यात तर ते पाच मिनिटेही हाती लागत नाहीत, वाटीत साठलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने आधी गोठते. शिवाय झटपट इपॉक्सी ओलावा आणि उष्णता यांपुढे मऊ पडण्याकडे झुकते. शेपटीला तीस मिनिटांचेच वापरावे, दोन्ही भाग सारख्या प्रमाणात घेऊन पूर्ण मिसळावे, वाटीत ढीग न ठेवता पसरट झाकणात ठेवावे आणि ओघळलेले स्पिरिटच्या बोळ्याने तेव्हाच पुसून काढावे. पाच मिनिटांचे इपॉक्सी पुशरॉडची (सर्व्होला हलत्या पट्टीशी जोडणाऱ्या तारेची) नळी टेकवायला वापरावे, तिथे काहीच बिघडत नाही.

पुसून काढण्याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे वजन. जुना_कॅडेट यांनी गुरुत्वमध्यावर लिहावे अशी विनंती.

जुना_कॅडेट

लिहितो. शेपूट गुरुत्वमध्यापासून ७५ सेंमी मागे आणि नाकातली मोकळी जागा ३० सेंमी पुढे असेल, तर शेपटीत गेलेल्या प्रत्येक १० ग्रॅम इपॉक्सीसाठी नाकात २५ ग्रॅम शिसे घालावे लागते. एकूण वाढ झाली ३५ ग्रॅम, आणि तीही काही काम न करणारी.

आयताकृती पंखाच्या शिकाऊ विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर असावा. ३० सेंमी रुंदीला हे पुढच्या कडेपासून साडेसात ते दहा सेंटिमीटर झाले. पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल तर पुस्तिकेचा पाळावा, पण पहिल्या उड्डाणाला दिलेल्या पट्ट्याची पुढची कड घ्यावी. नाक थोडे जड असलेले विमान सुस्त उडते आणि उतरताना एलिव्हेटर जास्त मागते. शेपूट जड असलेले विमान कधीकधी हातातच येत नाही.

मोजताना विमान उड्डाणाच्या स्थितीत पूर्ण असावे, बॅटरी आत आणि नाकावरचा पंखा (प्रोपेलर) लावलेला. वरच्या पंखाचे विमान सरळ धरून, पंखाखाली दोन बोटांनी किंवा दोन रबर लावलेल्या काठ्यांवर टेकवून तोलावे. खालच्या पंखाचे असेल तर उलटे धरावे. तोल साधायला आधी बॅटरी पुढे-मागे सरकवावी, नंतर रिसीव्हर, आणि शेवटीच शिसे. शिशासाठी खास वजने मागवण्याची गरज नाही, मासेमारीचे सामान विकणाऱ्या दुकानात गळाला लावायचे शिसे मिळते, ते ठोकून चपटे करून फायरवॉलला स्क्रूने पक्के करावे. नुसते चिकटवलेले शिसे जोरात उतरताना सुटून बॅटरीवर आदळते. पंखाचा डावा-उजवा तोलही पाहावा, हलक्या टोकात एखादा खिळा पुरतो.

शिकाऊ_लालबाग

सर्वांचे मनापासून आभार. आता सर्व्होंविषयी विचारतो. पुस्तिकेत फक्त ‘सर्व्हो बसवा आणि पुशरॉड जोडा’ एवढेच आहे. आणि १६० सेंटिमीटरचा पंख लोकलमध्ये शिरणार कसा?

उत्तरवारा

पंखाचे आधी सांगतो. तुमचा पंख दोन भागांत असेल आणि मधे ॲल्युमिनियमची नळी असेल, तर पुस्तिकेने सांगितले तरी ते दोन भाग कायमचे चिकटवू नका. नळी दोन्ही बाजूंना घट्ट बसत असेल आणि अर्ध्या भागांना धडाशी किंवा एकमेकांशी धरणारे बोल्ट असतील, तर पंख सुटा ठेवून ऐंशी सेंटिमीटरच्या दोन तुकड्यांत, जुन्या चादरीच्या पिशव्या शिवून नेता येतो. तुमच्या विमानात नळीऐवजी प्लायची जोडपट्टी असेल, तर मात्र ती चिकटवण्यासाठीच आहे, तिथे प्रयोग नको. अशा वेळी मालडब्याचा विचार करावा.

सर्व्होबरोबर रबराची बुचे आणि पितळी नळ्या येतात. नळीची पसरट बाजू लाकडाकडे, म्हणजे खाली, यायला हवी, नाहीतर स्क्रू आवळताना ती रबर आणि लाकूड दोन्हींत रुतते. स्क्रू एकदा फिरवून काढून घ्यावा, भोकात पातळ सायनोचा एक थेंब टाकावा, सुकू द्यावा आणि मग स्क्रू कायमचा लावावा. मऊ लाकडातली आटे यामुळे टिकतात.

पुशरॉड जोडण्यापूर्वी ट्रान्समीटर आणि रिसीव्हर चालू करून, सर्व ट्रिम मध्यावर ठेवून, सर्व्होचा हात पुशरॉडशी काटकोनात बसवावा. हात एका दात्याने तिरपा बसत असेल तर दुसरी बाजू वापरून पाहावी. क्लेविस (पुशरॉडच्या टोकाचा चिमटा) फिरवून एलिव्हेटर मध्यावर आणावा. रेडिओतले सबट्रिम हे शेवटच्या केसभर फरकासाठी आहे, वाकडा हात सरळ करण्यासाठी नाही. हॉर्नची (हलत्या पट्टीवर बसवलेल्या, पुशरॉड धरणाऱ्या तुकड्याची) भोके बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर यावीत, नाहीतर वर आणि खाली हालचाल असमान होते. सुरुवातीला पुशरॉड सर्व्होच्या हाताच्या आतल्या आणि हॉर्नच्या बाहेरच्या भोकात लावावा, त्याने हालचाल कमी पण नेमकी मिळते आणि सांध्यांतली ढिलाईही कमी जाणवते. प्रत्येक क्लेविसवर सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा सरकवावा, तो उघडण्यापासून राखतो.

मग विमानाच्या मागे उभे राहून, शेपूट आपल्याकडे ठेवून, ट्रान्समीटरची काठी उजवीकडे न्या. उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे. एलिव्हेटरची काठी आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर, रडर (फिनच्या मागची हलती पट्टी) उजवीकडे दिला की रडर उजवीकडे. एलेरॉन उलटे असलेले विमान धावपट्टीवर अगदी बरोबर वागते, कारण तिथे रडर आणि पुढचे चाक काम करत असते. चूक हवेत गेल्यावरच कळते.

माळ्यावरचा

एक इशारा सगळ्यांसाठी. मोटरची दिशा, ईएससीची जुळवणी, फेलसेफ (रेडिओचा संपर्क तुटला की मोटर थांबवणारी सोय), हे सर्व प्रोपेलर काढून ठेवूनच तपासावे. ४५० वॉटची मोटर खोलीत अचानक सुरू झाली तर बोटे जातात. आधी ट्रान्समीटर चालू, मग बॅटरी जोडायची. बंद करताना उलट. फेलसेफ तपासायला मोटर मध्यम वेगाला आणून ट्रान्समीटर बंद करावा, मोटर थांबली पाहिजे.

तसेच नावाप्रमाणे सांगतो, विमान माळ्यावर ठेवू नका. छताखालची उष्णता आवरण सैल करते आणि पावसाळ्यात बाल्साला बुरशी धरते. पलंगाखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेल घालून ठेवलेले बरे. लिपो बॅटरी भरलेली ठेवू नये, दर सेलला सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी आणि चार्ज होत असताना घराबाहेर जाऊ नये. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पुशरॉडच्या तारांना आणि मोटरच्या बेअरिंगला यंत्राच्या तेलाचा हलका हात द्यावा.

रेषाखंड

उड्डाणाच्या जागेविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. ड्रोन नियम, २०२१ मध्ये मॉडेल विमानाची स्वतंत्र व्याख्या आहे : २५ किलोपर्यंतचे, शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा छंदासाठीचे आणि डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरात उडवले जाणारे. तरीही जागेचे निर्बंध त्यालाही आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळे क्षेत्र असते, ८ ते १२ मध्ये २०० फुटांच्या वर. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी लागते. सांताक्रूझचा विमानतळ, जुहू आणि आता नवी मुंबईचा विमानतळ नकाशावर मांडले की शहरात काय उरते ते दिसते. शिवाय मुंबई पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात आणि त्यांत ड्रोनबरोबर रिमोटवरची मायक्रोलाइट विमानेही असतात. मोकळे मैदान दिसले म्हणून तिथे जाऊ नये. डिजिटल स्काय नकाशा (या क्षेत्रांचा सरकारी ऑनलाइन नकाशा) पाहून, शहराबाहेर, एखाद्या जाणत्या उडवणाऱ्याबरोबरच जावे.

शिकाऊ_लालबाग

मोटर विजेची, पंख नळीचा निघाला आणि पाणसळ शेजाऱ्यांकडून मिळाली आहे. शेवटची शंका : पहिल्या दिवशी एलेरॉन आणि एलिव्हेटरची हालचाल किती ठेवू?

उत्तरवारा

पुस्तिकेतला कमी हालचालीचा आकडा घ्यावा. तो दिलेला नसेल तर या आकाराला मागच्या कडेपाशी मोजून एलेरॉन वर-खाली १० मिमी, एलिव्हेटर १२ मिमी, रडर दोन्हीकडे २० मिमी, आणि एलेरॉन-एलिव्हेटरला २५ टक्के एक्स्पो (काठी मध्याजवळ असताना हालचाल सौम्य ठेवणारी जुळवणी). जास्त हालचालीचा संच दुसऱ्या स्विचवर ठेवा, विशेषतः एलिव्हेटरचा, कारण नाक जड निघाले तर उतरताना तो लागतो. स्विच कोणत्या बाजूला काय करतो हे ट्रान्समीटरवर चिकटपट्टी लावून लिहा. मैदानावर पोचल्यावर, पंख लावून झाल्यावर, दिशांची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करा, कारण लोकलमधून उतरवलेला एलेरॉनचा प्लग रिसीव्हरच्या दुसऱ्या खाचेत जायला वेळ लागत नाही.